झाकलेला ट्रे

माझ्या नोकऱ्या टिकल्या नाहीत, पण जाताना प्रत्येकीनं एक किस्सा हातावर ठेवला. आता इतके साचलेत की बीडच्या स्टँडवर एसटी कितीही उशिरा येवो, मला कंटाळा येत नाही. एक आठवून हसायला लागते, तोवर दुसरा म्हणतो, "मला कावून विसरलीस?"

मला बायपोलर आहे. कधी मन असं चढतं की झोप नको, जेवण नको, रस्त्यावरचं अख्खं गाव आपलंच पाव्हणं वाटतं. आणि कधी असं उतरतं की अंथरुणातून पाय खाली ठेवणंही जिवावर येतं. डॉक्टर म्हणाले, "गोळ्या सोडू नका, झोप सोडू नका आणि झेपेल असं काम बघा." पहिल्या दोन गोष्टी मेडिकलमध्ये मिळाल्या! तिसरीसाठी सगळं बीड पालथं घातलं.

दादा म्हणायचा, "घरी बस की. खायला काय कमी हाय का?" कमी काहीच नव्हतं. पण सकाळी डबा घेऊन कुठंतरी निघावं आणि संध्याकाळी कुणीतरी "उद्या ये" म्हणावं, एवढं मला लई वाटायचं.

*

पहिली नोकरी कापडाच्या दुकानात. एक मावशी ब्लाऊजपीस घ्यायला आल्या. माझं मन त्या दिवशी आभाळात! मी साड्या उलगडत गेले. मोरपिशी, आमसुली, हळदीच्या रंगाची. गादीवर नुसतं रंगांचं तळं झालं, आणि आम्ही दोघी काठावर बसून बघत राहिलो.

मावशी हरखून म्हणाल्या, "लई भारी दाखवलंस गं माय! आता तो ब्लाऊजपीस दे."

मालक संध्याकाळपर्यंत घड्या घालत होते. दुसऱ्या दिवशी मला बोलावणं नव्हतं.

*

मग कोचिंग क्लास. तिथं मन उतरलं. हातात खडू, फळ्याकडं तोंड आणि डोक्यात नुसता पंख्याचा आवाज. पोरं गप्प. सरांनी दारातून डोकावून विचारलं, "काय चाललंय?"

मागच्या बाकावरून एक पोरगी कुजबुजली, "सर, हळू! मॅडम विचार करायल्यात!"

विचार करणाऱ्या मॅडम सरांना परवडणाऱ्या नव्हत्या.

*

लिंबागणेश गावाच्या अलीकडं मन्मथअप्पांची भाजीच्या रोपांची नर्सरी आहे. वहिनीनं बजावलं होतं, "आजाराचं बोलू नका हं." मी पोचल्या पोचल्या बोलले!

"अप्पा, मला बायपोलर हाय."

अप्पा नारळाचा भुसा कालवत होते. मान वर न करता म्हणाले, "त्याच्यात भुशात हात घालता येतो का?"

"येतो."

"मग घाल!"

*

तिथं हिरव्या जाळीखाली ऊनसुद्धा हिरवं पडतं. फवाऱ्याचं पाणी हवेत जरा रेंगाळतं, मग खाली येतं. ट्रेच्या खळग्यांत भुसा भरायचा, एकेक बी ठेवायचं, ट्रे एकावर एक रचायचे आणि काळ्या कागदानं झाकायचे. आत अंधारात बी फुटतं. मग कागद काढायचा, पण रोपं थेट उन्हात न्यायची नाहीत. आधी जाळीखाली.

अप्पांचा एकच कायदा होता. झाकलेला ट्रे उघडून बघायचा नाही. वरून तळवा ठेवायचा, ऊब लागली की झालं.

मला कुठला दम निघतोय! मी कोपरा उचलून डोकावले. अप्पा लांबून ओरडले, "अगं, झोपलेल्याला उठवून विचारतेस का, झोप लागली का म्हणून!"

*

एकदा मन चढलेलं असताना एक अण्णा मिरचीची रोपं मागायला आले. मी म्हटलं, "मिरची कावून, अण्णा? झेंडू लावा! सगळं शिवार पिवळं दिसंल, फुलपाखरं येतील, पाव्हणे बांधावर थांबतील!" अण्णांचे डोळे चमकले. झेंडू ठरवूनच गेले.

सकाळी त्यांची बायको हजर. "कोण ती बाई? ह्यांना रातभर झोप न्हाई. डोळे उघडे ठिवून झेंडू बघायलेत!"

अप्पा शांतपणे म्हणाले, "मिरची घेऊन जा, माय." मग माझ्याकडं वळले. "आणि तू पहिल्या गाडीनं घरी जा. डॉक्टरला भेट, झोप काढ. उद्या ये."

*

पोळा झाला आणि मन उतरलं. मी गोधडीत शिरले ती शिरलेच. फोन बंद. ही पण नोकरी गेली, एवढंच डोक्यात फिरायचं. आणि हिचंच लई वाईट वाटत होतं.

एका दुपारी बाहेर अप्पांचा आवाज आला. दादा ओशाळला. "ऊठ की गं, मालक आलेत!" म्हणत त्यानं गोधडीचा कोपरा धरला.

"हां हां! कोपरा सोडा!" अप्पा असे ओरडले की दादाच्या हातून गोधडी सुटली.

ते जवळ आले. गोधडीवर तळवा ठेवला, जरा वेळ तसाच. मग वहिनीला म्हणाले, "ऊब हाय. पाणी देत ऱ्हावा, गोळ्या चुकवू नका. उघडून बघू नका."

चहा पिऊन गेले. दादा दाराकडं बघत म्हणाला, "हे हिचं सांगून गेले का मिरचीचं?"

डॉक्टरांनी एक गोळी बदलली. दिवस गेले. एका सकाळी माझी मीच उठले, वहिनीला डबा मागितला, एसटीत बसले. नर्सरीच्या फाटकाशी आले आणि पाय थबकले. माझ्या जागी दुसरं कुणी असलं तर? काय म्हणून आत जायचं?

अप्पा ट्रे भरत होते. त्यांनी एकदा वर बघितलं.

"तिथं उन्हात कावून उभी? आधी जाळीखाली ये."