रुपरावांचे दोन कॅमेरे

रुपरावांचा फोटो स्टुडिओ गांधीबागेत, कापडाच्या ठोक दुकानांच्या वर होता. त्या काळी एका रोलमध्ये बाराच फोटो निघत आणि लग्नात फोटो काढून घेणारे दोनशे निघत. म्हणून रुपराव गळ्यात दोन सारखे कॅमेरे अडकवत. भरलेल्याच्या पट्ट्याला लाल दोरा. दुसरा रिकामा, त्याचा नुसता फ्लॅश उडे. मागच्या खिडकीत आकडा दिसावा म्हणून त्यात जुन्या रोलचा कागद घातलेला असे. तोंडावर उजेड पडला की पाहुणा खूश होऊन पंगतीला जाई. पुढे कोणी फोटो मागितलाच, तर रुपराव म्हणत, "तुमी डोये मिटले होते गा."

एकदा कामठीला त्यांच्या मेव्हण्याचे, वसंताचे लग्न निघाले. बायकोने, वच्छलाने बजावले, "एकच भाऊ हाय मले. त्याचे फोटो बिघडले तं माहेरी कोणत्या तोंडानं जाऊ?"

लग्नात थोरले जावई मनोहरराव होते. त्यांच्याकडे कोणी बघितले नाही की ते रुसून बस स्टँडवर जाऊन बसत. रिकामा कॅमेरा रुपरावांनी खास त्यांच्यासाठी राखला.

फोटो काढायला लागण्याआधी रुपराव जेवायला बसले तेव्हा कॅमेरे खुंटीवर होते. सासूबाई प्रयागबाईंनी ते पाहिले. "एक सजवलेला अन एक बोडखा? लग्नघरी बरं नाही दिसत," म्हणत त्यांनी दुसऱ्यालाही लाल दोरा बांधला. आता उघडून बघावे तर उजेड लागून रोल जळणार, आणि सासूला सांगावे तर बिंग फुटणार. रुपरावांनी अंदाजाने एक कॅमेरा भरलेला मानला. अंदाज चुकला.

रोल धुतला तेव्हा अकरा फोटो कोरे निघाले. रिकामा समजून रीळ न फिरवताच बटण दाबल्यामुळे उरलेल्या एकात सात मनोहरराव एकमेकांवर बसले होते. एक जिलबी खात होता, एक आशीर्वाद देत होता, आणि एकाच्या पोटातून दुसऱ्याचा फेटा वर आला होता.

वच्छलाने फोटो उलटसुलट करून पाहिला. "वसंता कुठं हाय?"

"मांगं असन."

"कोणाच्या मांगं? इथं तं सारे भाऊजीच हायेत."

रुपरावांना रिकाम्या कॅमेऱ्याची गोष्ट सांगावीच लागली. मग तिनेच ठरवले. पुढच्या रविवारी वसंता आणि नवी नवरी नीला पुन्हा मुंडावळ्या बांधून कामठीच्या अंगणात उभे राहिले. मनोहररावही नवा फेटा बांधून आले. "आमचेही एकट्याचे दोन-चार घ्या गा," म्हणाले.

वच्छलाने नवऱ्याच्या गळ्यातला रिकामा कॅमेरा काढून घेतला. "भाऊजी, तुमचे फोटो माझ्याकडं. इकडं विहिरीपाशी या."

"मान अशी ठेवू?"

"अजून वर. आता आभाळाकडं पाहा. हालू नका, श्वासही घेऊ नका."

नीला फिसकन हसली. रुपरावांनी तेवढ्यात बटण दाबले.

तो फोटो वच्छलाने माहेरच्या बैठकीत स्वतः खिळा ठोकून लावला. मुंडावळ्या तिरप्या, नवरीचे सगळे दात बाहेर.

"नवरीनं इतकं हासावं काहून?" प्रयागबाई कुरकुरल्या.

"दोघंही दिसून राहिले ना, माय? मंग झालं," वच्छला म्हणाली.