बाळारामशेठ, कपाळभर

माझ्या मुलीच्या लग्नात माझं नाव चाळीसेक पाहुण्यांच्या कपाळावर छापलं गेलं. खर्च माझाच होता.

तेव्हा भिवंडीत माझे कापडाचे लूम होते. दोनच! पण शेलार गावातली जमीन गोडाऊनवाल्याला विकल्यापासून लोक मला 'बाळारामशेठ' म्हणू लागले होते. (दोघं म्हणायचे. दोघंही माझ्याच लूमवर शिफ्टला होते.) आमच्यात लग्नात माइकवरून नाव पुकारून मानाची टॉवेल-टोपी देतात. मला वाटलं, टॉवेल कुणी दिला हे उद्या कोण लक्षात ठेवणार? नावच छापून टाकू!

"अहो, मान त्यांचा नि नाव तुमचं?" बायको म्हणाली.

मुलगी सुजाता तर हात जोडून उभी राहिली. "बाबा, नका ना! सासरे मानपानाला किती कडक आहेत, माहीत आहे ना?"

माहीत होतं. खारबावचे आमचे हे व्याही भाच्याच्या लग्नात भरल्या पानावरून उठले होते. कारण काय, तर मानाची टोपी दोन बोटं मोठी आली! तरी मी म्हणालो, "तू गप गं. नाव बघून उलट खूश होतील."

टॉवेलवर नाव छापणाऱ्या चाचांनीही बजावलं, "सेठ, रंग पक्का करने को दो दिन भट्टी लगेगी."

लग्न परवावर आलेलं. त्यात त्यांनी 'सेठ' म्हटलेलं! "टाइम नाय, चाचा! भट्टी छोडो, नाम बडा करो!"

नाम बडा झालं. टॉवेलच्या काठावर अंगठ्याएवढ्या लालभडक अक्षरांत 'बाळारामशेठ'.

दुपारी अक्षता पडल्या, नावं पुकारली गेली, टॉवेल खांद्यांवर चढले. मांडवात जिकडे बघावं तिकडे मीच! छाती फुगवून उभा होतो, तेवढ्यात लोडशेडिंगची लाइट गेली. पंखे थांबले. मे महिना, घामाच्या धारा आणि खांद्यावर नवाकोरा टॉवेल. व्याह्यांनी त्यात तोंड खुपसलं. पाठोपाठ सगळ्या वऱ्हाडानं खुपसलं.

तोंडं वर आली ती लाल!

"अरं, तुझे कपालाव काय हाय ते?"

"तुझे पन हाय!"

अक्षरं उलटी उमटलेली, त्यामुळे कुणाला काही वाचता येईना. "कुंकू असेल," मी म्हणालो. (दुसरं काही सुचलंच नाही!) पण विहीणबाईंनी पर्समधला आरसा काढून नवऱ्यापुढे धरला. आरशात ते मेलं नाव सुलट झालं! व्याह्यांनी अक्षर लावत मोठ्यानं वाचलं, "बा… ला… राम… शेठ!"

सुजाताच्या डोळ्यांत पाणी आलं. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. (पण धरणी आता गोडाऊनवाल्याची होती.) पोरीचा संसार पहिल्याच दिवशी माझ्या हौसेपायी नासणार, या भीतीनं मी धावलो. "चुकलो, व्याही! राग माझ्यावर काढा, पोरीवर नको," म्हणत हातातल्या टॉवेलनं त्यांचं कपाळ पुसू लागलो.

तो टॉवेलही त्यातलाच! आता मी व्याह्यांच्या दोन्ही गालांवरही आलो.

"बास, व्याही, बास!" त्यांनी माझा हात धरला. "जागा न्हाय आता! पोर आमचे घरी येतेय, तिला आमचा नाव लागंल. पन मना तुमचा कशाला लावताव?"

आणि ते खो खो हसत सुटले. मग सगळा मांडव हसला. सुजाताही रडता रडता हसली. मी मात्र खाली मान घालून टॉवेलची घडी घालत राहिलो. मला पुढं चार दिवस घराबाहेर पडवेना.

टॉवेलवरचं नाव पहिल्याच धुण्यात गेलं. आता ते फक्त लग्नाच्या सीडीत उरलंय, व्याह्यांच्या कपाळावर, उलटं. सुजाता माहेरी आली की सीडी लावते आणि म्हणते, "बाबा, वाचायचं तर आरसा धरा!"

मी कशाला धरतोय? आरशात नावाच्या आधी शेठचंच तोंड दिसतं!