काकांनी घासलेली पेटी

"ऐका, भांडतायत दोघं." बाजारातल्या पेटीचा सा आणि गंधार एकदम दाबून काका म्हणायचे आणि कान पुढे करून डोळे मिटायचे. आम्हाला आधी काहीच कळायचं नाही. मग हळूहळू त्या दोन स्वरांमधली बारीक थरथर ऐकू यायची, आणि एकदा ऐकू आली की नवी कोरी पेटीसुद्धा नकोशी व्हायची.

काका येरवड्यात आमच्या शेजारच्या इमारतीत राहायचे. कोर्टातली नोकरी करून निवृत्त झालेले. रविवारी त्यांच्याकडे आम्ही भीमगीतं बसवायचो. "दुकानात पेटी पॉलिश केलेली मिळते, सुरात नाही," हे त्यांचं ठरलेलं. कुणालाही कुठल्याही पट्टीत गाता यावं म्हणून बाजारच्या पेटीत बहुतेक स्वर जरासे सरकवलेले असतात. काकांना ही तडजोड मान्य नव्हती. आतल्या पितळी पात्या घासून त्यांनी सगळे स्वर आपल्या काळी एक या पट्टीच्या सा-शी जुळवले होते. तो गंधार लागला की, खरं सांगते, अंगावर काटा यायचा. दुसऱ्या पट्टीत मात्र ती पेटी नुसती केकाटायची.

मग माझं थायरॉइडचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली उतरला. काळी एकला तो फाटायचा. "काका, मी गाणं सोडते," मी म्हटलं.

"सोडायला ती काय नोकरी आहे? तुझा सा दाखव."

माझा आवाज खालच्या पांढरी पाचला मोकळा लागला. काकांनी पेटी उघडली.

पुढच्या रविवारी गेले तर सगळे स्वर माझ्या सा-शी जुळवलेले. पात्या आता इतक्या पातळ झाल्या होत्या, की पुन्हा घासणं शक्य नव्हतं.

"अहो काका, आता तुम्ही कशावर गाणार?"

"मी पुष्कळ गायलो. लोकांनीही सोसलं."

त्या वर्षी भीमजयंतीला मी स्टेजवर गायले. काका पहिल्या रांगेत बसून मान डोलवत होते. आज मी गाते ती त्यांच्यामुळे, हे मी कुणालाही सांगते.

गेल्या वर्षी काका गेले. पुण्यानुमोदनाच्या श्रद्धांजली सभेला बाहेरून आलेल्या एका गायकाने ती पेटी पुढे ओढली, आपल्या पट्टीत वाजवून पाहिली आणि म्हणाला, "बिघडलीय ही."

"बिघडलेली नाही," काकू म्हणाल्या. "ती हिच्या गळ्याची आहे. तू म्हण गं."

मी पांढरी पाच दाबली. काकांनी बसवून घेतलेलं भीमगीत सुरू केलं, आणि पेटीने मला सांभाळून घेतलं.