"गेलो बाप्पा"

मोबाईलचं ॲप बनवणारा म्हटला का तुमच्या डोळ्यापुढं कॉफी अन् फाडफाड इंग्रजी आली असन. पुसा ते. आमच्या हापिसातला दादा भंडाऱ्यात पितळी भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत बसते, खर्रा चघळते अन् फोनाशी बोलते.

ॲप आतून काय करून राहिलं, त्याचे लॉग, म्हंजे नोंदी, वायर लावून कॉम्प्युटरवर दिसले तरच चूक सापडते. नाही दिसले का दादा वायर बदलते, नोंदी गाळणारा फिल्टर काढते, फोनाले विचारते, "काहून बे, रुसला काय?" परवा एवढं करूनही कॉम्प्युटर कोरंच. मंग त्यानं ते लॉग फोनाच्या पडद्यावरच आणले, आपल्या बोलीत: "आलो", "पोते मोजलो", "वजन घेतलो". ॲप अडकलं का, "गेलो बाप्पा".

तेवढ्यात करडी गावचे राईस मिलवाले काका त्याईच्या पोत्यांच्या हिशोबाचं हे ॲप पाहाले आले. त्याईले पसंत पडलं तरच काम आमचं. त्याईनं बटन दाबलं, ओळी सरकन् गेल्या अन् ॲप बंद, ओळीही गायब. शेवटची तेवढी मले दिसली होती, ते मी दादाच्या आवाजात म्हटली, "गेलोऽ बाप्पा!" काका पोट धरून हसले. दादा नाही हसला.

"नकल्या, त्याच्या पहिले काय लिहून आलं?"

"नाही पाह्यलं, दादा."

"मेला कुठं तेच नाही पाह्यलं! आता काकाईपुढं त्याले पुन्हा मारा लागन!"