दुसऱ्या हाताचं रफू

प्रवासावरून आलेलं जाकीट धुण्याआधी ती ते नेहमी उलटं करायची. वरची धूळ कुणालाही दिसते, कापडाची खरी हकिगत आतल्या बाजूला असते, हे तिचं सव्वीस वर्षांच्या धंद्यातून झालेलं मत. त्या सोमवारी तिनं नवऱ्याच्या जाकिटाची डावी बाही उलटी केली आणि कोपरापाशी तिचा अंगठा थांबला. तिथं रफू होतं. आणि ते तिनं केलेलं नव्हतं.

यात एवढं काय, असं कुणी म्हणेल, म्हणून आधीच सांगायला हवं. बाजाराच्या मागच्या गल्लीत, जिन्याखालच्या खोलीत बसून ती रफू करते. सिगारेटनं पडलेलं भोक, खिळ्याला अडकून फाटलेला कोट, कसरीनं खाल्लेली शाल असं काय काय लोक लांबून घेऊन येतात आणि परत नेताना फाटलं कुठं होतं तेच शोधत बसतात. अशा बाईचा नवरा आपलं फाटलेलं जाकीट परगावी नेऊन रफू करून आणतो. स्वयंपाकिणीचा नवरा गुपचूप खानावळीत जेवून आला, तर भूक हा त्यातला शेवटचा मुद्दा असतो.

तिनं दिवा ओढून जवळ घेतला आणि भिंगातून पाहिलं. धागा जाकिटाच्याच आतल्या दुमडीतून काढलेला होता, म्हणजे करणाऱ्याला कळत होतं. उलट्या बाजूला धाग्यांची टोकं कापलेली नव्हती, वळवून आत दडवली होती. ती स्वतः टोकं कापते. काम चांगलं होतं, तिच्याइतकंच चांगलं, आणि हेच तिला जास्त लागलं.

संध्याकाळी तिनं सहज विचारावं तसं विचारलं, "जाकीट कुठं फाटलं का हो?"

"नाही. का?" नवरा पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

"काही नाही. धुवायला टाकते."

इथं तिच्या मनात पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

नवरा छापखान्यात मुद्रितं तपासायचा. आठ तास खुर्चीत बसून दुसऱ्यांच्या चुका काढायच्या, हे त्याचं काम. घरी आल्यावर मात्र तोंडाला कुलूप. सत्तेचाळिसाव्या वर्षी या माणसानं कुणाला न विचारता ती उंच, लांब टांगांची, दगडधोंड्यांतून आणि चिखलातून जाणारी मोटरसायकल आणली. मागं दोन्ही बाजूंना पत्र्याच्या पेट्या, पुढं काच, वीस लिटरची टाकी. तिनं पहिल्याच दिवशी गाडीचं नाव सांडणी ठेवलं आणि गल्लीनं ते उचलून धरलं. सांडणी घराच्या बोळात उभी राहायची. पाहुणे आले की त्यांना पोट आत घेऊन तिच्या कडेनं आत शिरावं लागायचं. दर रविवारी साखळीला तेल, मग हात पुसायला घरातलं नेमकं चांगलं फडकं. नकाशे कपड्यांच्या कपाटात, ट्यूब पलंगाखाली. घरात एक माणूस वाढावं तशी ती गाडी वाढली होती.

आणि खोटं कशाला बोला, सात वर्षं तीही मागं बसून हिंडली होती. चढणं म्हणजे खिडकीतून आत शिरण्यासारखं. त्याच्या खांद्यावर हात, डावा पाय पायरीवर, उजवा पाय पेटीवरून पलीकडं. एक पेटी त्याची, एक तिची. तिच्या पेटीत तीन जोड कपडे आणि सुयांची डबी, याहून जास्त काही मावायचं नाही. तिसऱ्या दिवशी बसायची जागा कुठं संपते आणि आपण कुठं सुरू होतो ते कळेनासं व्हायचं. पण घरात मुका असलेला तो माणूस हेल्मेटच्या आत गायचा. वारा पडला की तिला ऐकू यायचं. मग तिचा धंदा वाढला, गुडघे कुरकुरायला लागले, आणि दोन वर्षांपासून तो एकटाच जाऊ लागला.

एकटाच. हा शब्द आता तिला उगाचच मोठा वाटायला लागला.

शेजारच्या गाळ्यातल्या इस्त्रीवालीला तिनं जाकीट दाखवलं. इस्त्रीवालीचा स्वभाव असा की दुसऱ्याच्या संशयाला ती फुकट इस्त्री करून देते.

"ताई, हा बाईचा हात आहे," ती डोळे बारीक करून म्हणाली.

"कशावरून?"

"टोकं बघा कशी आत लपवलीत. पुरुषमाणूस एवढं करतो का?"

"पुरुष कारागीर असतात की."

"असतात ना. पण मग दाजींनी तुम्हाला सांगितलं का नाही?"

त्यानंतर ती दोन दिवस सुईत दोरा ओवताना चुकत राहिली.

मग तिनं तपासच सुरू केला. खिशातल्या पावत्या पाहिल्या, त्यात पेट्रोलशिवाय काही नाही. फोन पाहिला, त्यात रस्त्यांचे आणि ढगांचे फोटो. एवढा स्वच्छ फोन पाहून तर तिचा संशय दुणावला. एका सकाळी तो आंघोळीला गेलेला असताना ती बोळात जाऊन सांडणीभोवती फिरली. डाव्या पेटीवर तीन स्टिकर होते. डोंगर, सूर्य, गरुड असली चित्रं. हाच माणूस दुसऱ्यांच्या गाडीवरचे स्टिकर पाहून म्हणायचा, "पेटी आहे का शाळेची वही?" उजव्या पेटीवर एकही नव्हता. तिनं नखानं सूर्याची कड उचलली. खाली पत्रा खरवडलेला होता. डोंगराखालीही. गरुडाखाली तर चांगला पोचा आला होता.

म्हणजे गाडी पडली होती, आणि एकदा नाही. आता दुसरी एखादी बाई असती तर तिला इथंच सगळं कळलं असतं. पण हिच्या डोक्यात त्या लपवलेल्या टोकांनी घर केलं होतं. पडला, मग कुणीतरी उचललं, घरी नेलं, जाकीट शिवून दिलं, पाणी दिलं, अशी आख्खी गोष्ट तिनं एका पोच्यावरून विणून काढली. त्या बाईचं वयसुद्धा ठरवलं. चाळीस.

आणि त्याच आठवड्यात, दोन वर्षांत पहिल्यांदा, नवरा म्हणाला, "या खेपेला तू चल."

तिनं हातातलं काम खाली ठेवलं. "मी? का?"

"का म्हणजे? नऊ दिवस. पठारापर्यंत जाऊ. तुला ते तळं बघायचं होतं ना?"

"ते सहा वर्षांपूर्वी बघायचं होतं."

"तळं आहे अजून तिथंच."

"आणि माझे गुडघे?"

"जागोजागी थांबू. तू म्हणशील तिथं थांबू." मग, तिच्याकडं न बघता, "चल ना."

हे "चल ना" ऐकून तिच्या अंगावर काटा आला. हा माणूस कधी विनवण्या करणाऱ्यांतला नव्हता. मनाला काहीतरी खात असल्याशिवाय नवरा असा बोलत नाही, असं इस्त्रीवालीचंही मत पडलं. ती हो म्हणाली. तळ्यासाठी नाही. वाटेत कुठल्या गावात त्याची मान वळते, कुठल्या दुकानासमोर गाडी हळू होते, ते मागं बसून बघायचं होतं. रस्त्यावर पाठीमागून माणूस फार चांगला दिसतो.

सप्टेंबरातल्या एका सकाळी ते निघाले. पेट्या भरल्या, कड्या लावल्या, ती खांद्यावर हात ठेवून चढली. गावाबाहेरच्या पहिल्या सिग्नलला गाडी थांबता थांबता तो म्हणाला, "उतरतेस का जरा? पाय मोकळे होतील."

"आत्ताच तर बसले."

"उतर गं."

ती उतरली आणि जुन्या सवयीनं पेटी धरून उभी राहिली. टोलनाक्याच्या अलीकडं पुन्हा तेच. रेल्वेच्या फाटकापाशी त्यानं मुद्दाम गाडी कडेला, उंच कठड्याला लावून थांबवली आणि डावा पाय त्या कठड्यावर टेकवला. मान कुठंच वळत नव्हती. कुठल्याही दुकानासमोर गाडी हळू झाली नाही. उलट थांबायची वेळ आली की त्याचे खांदे ताठ व्हायचे आणि पुढची शंभर पावलं तो रस्त्याकडं नाही, रस्त्याच्या कडेकडं बघायचा. तिच्या हाताखाली ते खांदे होते, तिला कळल्याशिवाय कसं राहील? याच्या मनात नेमकं काय आहे? प्रत्येक थांब्याला मला खाली का उतरवतो?

साठ किलोमीटरवर एक पेट्रोलपंप आला. हवा भरायच्या यंत्रापाशी, मोकळ्या जागेत, त्यानं गाडी हळू केली.

"उतर," तो म्हणाला.

ती उतरली नाही. ऐकूच आलं नाही असं दाखवून घट्ट बसून राहिली.

गाडी थांबली. त्यानं डावा पाय खाली टेकवला, आणि तो पाय ओल्या पुठ्ठ्यासारखा दुमडला. सांडणी डावीकडं कलायला लागली. त्यानं हँडल आवळून धरलं. ती कशी उतरली ते तिलाच कळलं नाही, पण पुढच्या क्षणी तिचा खांदा डाव्या पेटीला लागलेला होता आणि दोन्ही टाचा जमिनीत रुतल्या होत्या. गाडी निम्म्यात थांबली. तो वर हँडल धरून, ती खाली पेटीला रेटून. अडीचशे किलोचं ते धूड दोघांच्या मध्ये, आणि सोडायची सोय दोघांनाही नाही.

"स्टँड," तो धापा टाकत म्हणाला. "तुझ्या पायाशी आहे. पुढं ढकल."

स्टँड खरंच तिच्या पायाशी होता. तिनं ढकलला नाही.

"पायाला काय झालंय?"

"आधी स्टँड लाव."

"आधी बोला. मग स्टँड."

पंपावरचा माणूस दुरून बघत होता. तिनं त्याला डोळ्यांनीच जागेवर बसवलं.

"जोर राहत नाही," तो शेवटी म्हणाला. "चालवताना काही होत नाही. थांबलं की उजवा पाय ब्रेकवर लागतो, आणि डावा धरत नाही."

"किती वेळा पडलात?"

"तीनदा. उभ्या उभ्याच. लागलं नाही फारसं."

"जाकीट कुणी रफू केलं?"

या परिस्थितीत हा प्रश्न येईल, असं त्याला वाटलं नसावं. तो वळून तिच्याकडं बघायला गेला तशी गाडी आणखी कलली.

"एक म्हातारा होता. बसस्थानकाच्या समोर. दोन तास त्याच्या मुलांच्या तक्रारी ऐकल्या मी. तू बाही बघितली असतीस तर विचारलं असतंस ना, म्हणून..."

"मी बघितलीच."

तिनं पायानं स्टँड पुढं ढकलला. गाडी टेकली. तो उतरायला लागला तेव्हा त्याचा डावा पाय जागच्या जागी लोंबत राहिला आणि त्यानं तो पँट धरून, हातानं पलीकडं आणला. तिला एकदम आठवलं. त्याच्या डाव्या पँटीची खालची कड पुढून घासून गेलेली, उन्हाळ्यापासून दोनदा, आणि दोन्ही वेळा तिनं ती मुकाट्यानं दुरुस्त करून घडी करून ठेवली होती. पाय फरफटत होता आणि पुरावा तिच्याच मांडीवर होता. ती मात्र बाई शोधत होती. तिला स्वतःची लाज वाटली आणि त्याहून जास्त भीती वाटली.

ती यंत्राच्या कट्ट्यावर बसली. तोही बसला.

"घरी गेल्यावर आधी डॉक्टर," ती म्हणाली. "मोठ्या दवाखान्यात. नुसतं मलम नाही, सगळ्या तपासण्या." तो वाद घालणार, हे धरूनच ती बोलत होती. पुढची दहा उत्तरं तिनं तयार ठेवली होती.

"बरं," तो म्हणाला.

बरं? इतक्या वर्षांच्या संसारात हा माणूस साध्या सर्दीसाठी दवाखान्यात सुखानं गेला नव्हता. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"तुम्ही आधीच दाखवलंय."

तो हातमोज्याचा पट्टा सोडायला लागला.

"कधी?"

"फेब्रुवारीत."

"काय म्हणाले?"

"पाठीत नस दबलीय. पाय आता असाच राहणार. गाडी सोडा म्हणाले." त्यानं हातमोजे काढून गुडघ्यावर ठेवले. "मार्चात गेलो, मेमध्ये गेलो, ऑगस्टात गेलो. तिन्ही वेळा पडलो. मग लक्षात आलं, तू मागं असताना मी एकदाही पडलेलो नाही. तू आधी उतरायचीस, पेटी धरून उभी राहायचीस. तुला माहीतही नव्हतं. म्हटलं, तू आलीस तर अजून एखाद-दोन वर्षं निघतील."

दुसरी कुणी असती तर बरं झालं असतं, असं तिला खरोखर वाटून गेलं. तिच्याशी भांडता आलं असतं. घराबाहेर काढता आलं असतं, निदान इस्त्रीवालीला सांगता आलं असतं. तिला रडायला येत होतं आणि त्याला धरून गदागदा हलवावंसंही वाटत होतं, आणि यातलं काहीच न करता ती त्याचा डावा बूट बघत बसली. बुटाचं टोक आतपर्यंत झिजलं होतं.

"आता परत कसं जायचं?" ती म्हणाली.

"तू मागं बसलीस तर चार थांबे आहेत फक्त."

"मी बसणार नाही."

"बरं."

"आजच नाही, कधीच नाही. आणि तुम्हीही."

या वेळी त्याला "बरं" म्हणायला वेळ लागला. पण तो म्हणाला. मग त्यानं फोन काढला, गाड्या वाहून नेणाऱ्या टेम्पोवाल्याचा नंबर पंपावरच्या माणसाकडून घेतला, लावला, आणि मध्येच हात फोनवर ठेवून तिच्याकडं वळला.

"गाडीला काय झालंय, विचारतोय."

"सांगा," ती म्हणाली, "गाडी ठणठणीत आहे."