थोरल्या गाडीला धाकटीचे पाय

मोटार ही वस्तू चालवण्यासाठी नसून खोलण्यासाठी असते, अशी ठाम श्रद्धा असलेला माणूस अवघ्या मालवण पट्ट्यात एकच होता आणि तो नेमका माझ्या वाट्याला चुलत सासरा म्हणून आला. पन्नास-बावन्न साली दिवाळसणाला सासुरवाडीला गेलो, तेव्हा काकांनी माझे स्वागत गाडीखालून केले. आधी दोन पाय दिसले, मग आवाज आला, "जावयबापू, जरा तो पानो दिया." मी पाना दिला आणि माझा नवा कोट त्या दिवशी ग्रीसने जो माखला तो माखलाच.

काका तांडेलाच्या, म्हणजे गलबत हाकणाऱ्याच्या, घरातले. त्यांचे तरुणपण वडिलांच्या गलबतावर विजयदुर्ग ते मुंबई करण्यात गेले. गलबतांचा धंदा बसला तेव्हा त्यांनी लढाईच्या आधीची एक विलायती मोटार घेतली. पण मनाने ते गलबतावरून उतरलेच नाहीत. पेट्रोल संपले की "वारो पडलो" म्हणायचे आणि चढ आला की आम्हा प्रवाशांना खलाशी समजून खाली उतरवायचे. गाडीला ब्रेक होते, पण दांड्यांचे. पायाने पट्टी दाबली की त्या लोखंडी दांड्या एकमेकींना निरोप देत देत चाकांपर्यंत पोचत आणि तोवर गाडी पुढच्या वाडीत गेलेली असे. काकींचे माहेर कर्लीच्या खाडीकाठी, उताराच्या तळाशी. गाडी घेतल्यावर काका त्यांना मोठ्या थाटात तिकडे घेऊन गेले. म्हातारी आई भाकरतुकडा घेऊन दारात उभी होती. लेक आली, हात हलवत समोरून गेली आणि ओहोटीच्या चिखलात जाऊन थांबली. काकी लुगडे सावरत, रडत माघारी आल्या, त्या गाडीला हात न लावण्याची शपथ घेऊनच.

पुढे काकींचे गुडघे गेले. खाडीपर्यंत चालणे होईना, त्या वाटेला एसटी नव्हती आणि गाडीत बसणार नाही म्हणजे नाही. अशी कित्येक वर्षे गेली. मग एका शिमग्यात, मी सासुरवाडीला असताना, माहेराहून माणूस आला. म्हातारीची नजर जात चालली होती आणि तिने सांगून पाठवले होते, "डोळ्यांत उजेड आसा तवसर येवन जा." संध्याकाळी काकी काकांपुढे येऊन म्हणाल्या, "माझ्या आवशीच्या दारात गाडी उभी रवात तर मी बसतलंय. नायतर नाय."

काकांना एवढेच हवे होते. कसालच्या वळणावर एका कंत्राटदाराची गाडी आंब्यावर आदळून पडली होती. तीही काकांच्या गाडीच्याच कंपनीची, पण दहाएक वर्षांनी धाकटी. तिचे तोंड गेले होते, पुढची चाके शाबूत होती. एकाच घराण्यातल्या गाड्या, धाकटीचे थोरलीला बसणारच, हा काकांचा सिद्धांत. चाक ज्या खुंटीवर फिरते ते स्पिंडल आणि त्यावरचे ब्रेक त्यांनी जसेच्या तसे काढून आणले. बसवण्याआधी देवाला रीतसर गाऱ्हाणे झाले. मानाच्या गावकाराने नारळ ठेवून हात जोडले, "बा देवा म्हाराजा, थोरल्या गाडयेक धाकट्या गाडयेचे पाय लावतंव. काय चुकला-माकला आसात तर सांभाळून घे रे म्हाराजा!" आणि आम्ही सगळे त्या उघड्याबोडक्या गाडीभोवती उभे राहून ओरडलो, "व्हय म्हाराजा!" हे ब्रेक तेलावर चालणारे होते आणि ते तेल कुडाळातही मिळेना. काकांनी एरंडेलात काजूची चोरटी दारू मिसळून ते घरीच केले. दारूबंदीच्या त्या दिवसांत गावातल्या बऱ्याच जणांना एकाएकी काकांच्या ब्रेकची काळजी वाटू लागली, तेव्हा बाटली काकींना कुलपात ठेवावी लागली.

देवळापुढच्या मैदानात गाडीची परीक्षा झाली. काकांनी हातातले चाक उजवीकडे फिरवले, गाडी डावीकडे वळली आणि गवताच्या उडवीवर चालून गेली. काकांनी ब्रेक दाबला. गाडी उडवीच्या हातभर अलीकडे जागच्या जागी उभी! "बघलात? थांबली!" काका लहान पोरासारखे नाचले. ती भलतीकडे वळली हे त्यांच्या गावीही नव्हते. उताणे पडून काम करण्याच्या नादात त्यांनी डावीकडचे स्पिंडल उजवीकडे आणि उजवीकडचे डावीकडे बसवले होते, त्यामुळे पुढची चाके उलटी वळत होती. मी ते घाबरत घाबरत सांगितले. काका शांतपणे म्हणाले, "मगे काय झाला? होडयेचा सुकाणू असाच असता. डावीकडे जावचा तर उजवीकडे दाबूचा. जन्मभर ह्याच केलंय मी." आता परत खोलत बसलो तर म्हातारीच्या डोळ्यांतला उजेड थांबणार आहे का, असेही त्यांनी मला विचारले.

दुसऱ्या दिवशी निघालो. पुढे काकी डोळे मिटून देवाचे नाव घेत होत्या, मागे मी डोळे मिटून तेच करत होतो. समोरून बैलगाडी आली की काका चाक थेट तिच्या अंगावर फिरवायचे आणि गाडी शहाण्यासारखी दुसरीकडून निघून जायची. शेवटी उतार आला. काकींनी काकांच्या सदऱ्याची बाही घट्ट धरली. काकांनी पाय दाबला आणि गाडी दारातल्या पायरीसमोर अशी गचकन उभी राहिली, की काकी पुढे झुकल्या आणि त्यांना डोळे उघडावे लागले.

म्हातारी काठी टेकत आली. "कोण गो?"

"आये, मी."

म्हातारीने लेकीचा चेहरा दोन्ही हातांनी उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघितला. "पिकलंस गो," म्हणाली. मग दोघी रडल्या आणि लगेच हसल्याही. काका पुढच्या चाकाशी वाकून काहीतरी तपासत होते; मी जवळ गेलो तर उपरण्याने डोळे पुसत होते.

स्पिंडल त्यांनी पावसाळ्यात सरळ केले, तेही काकींच्या धाकाने. म्हातारी पुढे बरीच वर्षे जगली. दृष्टी गेल्यावरही उतारावर गाडीचा आवाज आला की दारात येऊन उभी राहायची, आणि गाडी दर खेपेला तिच्यासमोर थांबायची. ती गेल्यानंतर काकांनी गाडी त्या वाटेला नेली नाही. एकदा मीच म्हटले, "काका, चला, खाडीवर जाऊन येऊ."

काका म्हणाले, "जाऊक येता, जावयबापू. पण आता थांबाचा खंय?"