तीन पायऱ्यांना जिना म्हणत नाहीत

आमचा दादा आर्किटेक्ट. स्वस्थ बसणं त्याला ठाऊकच नाही. जेवताना मिठाची वाटी, तांब्या, चमचे सरकवून खोल्या मांडतो; मी चिडले की म्हणतो, थांब गं, उजेड कुठून येतो ते बघू दे. लोकांची पंचवीस घरं बांधली, पण आम्ही तिघं, तो, मी आणि आई, भाड्याच्या दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. खुबा मोडल्यापासून आईला वॉकर लागतो, पायरी चढणं संपलंच. दीड वर्षात ती खाली उतरली ती फक्त दवाखान्यात जायला, खुर्चीत बसवून, दोघांनी उचलून. ती मोकळी फिरावी म्हणून दादाने घर बांधायचं ठरवलं आणि जमीन घेतली. कुठली? टेकडीच्या उतारावरची. मी कपाळावर हात मारला.

त्याला मात्र त्या उताराने झपाटलं. जमीन सपाट करायची नाही, घरानेच उतारासोबत खाली जायचं, असा हट्ट. काच, काँक्रीट आणि थोड्या थोड्या उंचीवर एकेक खोली. सकाळी जाऊन टेप लावायचा, दुपारी रेघा ओढायच्या, संध्याकाळी कागद फाडायचे. तीन महिने ना स्वतः धड जेवला, ना आम्हाला जेवू दिलं. शेवटी पुठ्ठ्याचं मॉडेल आणून आईच्या पलंगावर ठेवलं.

आईने चष्मा लावला, दारातून बोट आत नेलं. दोन खोल्या ओलांडायच्या आतच ते अडलं. हे काय, तिने विचारलं.

"तीनच पायऱ्या आहेत गं," दादा म्हणाला. "तीन पायऱ्यांना आम्ही जिना म्हणत नाही."

आईने चष्मा काढून ठेवला. मी गप्प नाही बसले. जिच्यासाठी घर, तिलाच विसरलास, अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं बरंच बोलले. त्याचं तोंड एवढंसं झालं.

मग त्याने सगळ्या पायऱ्यांच्या जागी रॅम्प काढून बघितला. वॉकरला झेपेल इतका सौम्य उतार ठेवता ठेवता तो घरापेक्षा लांब झाला. नाकापेक्षा मोती जड. आठ दिवस नुसत्या येरझाऱ्या. नवव्या दिवशी दात घासता घासताच बाहेर आला. रस्ता उताराच्या वरच्या अंगाला होता ना! मग आईची खोली, स्वयंपाकघर, बैठक सगळं रस्त्याच्या पातळीला, मध्ये उंबरासुद्धा नाही. आमच्या खोल्या आणि त्याचं ऑफिस खाली. इतकं सोपं होतं ते.

घर झालं. पहिल्याच सकाळी आई वॉकर घेऊन एकटी रस्त्यापर्यंत जाऊन आली. मी दारात उभी राहून रडले, खोटं कशाला सांगू.

दादा दिवसभर खाली. जेवायला वर यायचा, पाच मिनिटांत परत गायब. एकदा आई जिन्याच्या तोंडाशी वॉकर धरून खाली बघत उभी दिसली. काय हवंय, मी विचारलं.

"काही नाही गं. घरभर फिरते मी. फक्त माझा मुलगा असतो तिथे जाता येत नाही."

दादाने ते खालून ऐकलं. रविवारी दोन माणसं बोलावून त्याने ड्रॉइंगचं टेबल वर आणलं आणि बैठकीतल्या मोठ्या खिडकीपाशी लावलं. शेजारी आईची खुर्ची. सोफ्याला आता जागाच नाही. कोणी आलं की आई सांगते, आत पलंगावर बसा, इथे आमचं काम चाललंय.